फोटो काढताना आधी मागं बघा

गावातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून जे फोटो येतात ना, त्यातले बरेचसे माणसामुळं बिघडलेले नसतात, माणसाच्या मागं जे काय उभं असतंय त्यानं बिघडलेले असतात. नवरदेवाच्या फेट्यातून विजेचा खांब निघालाय, सत्काराच्या फोटोत साहेबांच्या कानाला पंख्याचं पातं चिकटलंय, बारक्या लेकराच्या वाढदिवसाला केकच्या मागं कोणाचं तरी अर्धंच पोट आलंय. आणि काढणारा म्हणतो मोबाईलच चांगला नाही राव, नवीन घ्यावा लागतोय. आता मोबाईल पंधरा हजाराचा असो की लाखाचा, खांब दोन्हीत येणारच, उलट लाखाच्यात जास्त क्लिअर येणार.

ह्यालाच कॉम्पोझिशन म्हणतात. चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं आणि जे घेतलं ते एकमेकांच्या हिशोबानं कुठं ठेवायचं, बस एवढंच. युट्यूबवर सर्च मारलं की रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स, फ्रेमिंग, गोल्डन रेशो अशी नावंच्या नावं येतात, माणूस वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत खांबासकट फोटो काढतो. माझं म्हणणं असं की हे सगळं शिकायचं पण उलट्या बाजूनं शिकायचं, आधी मागचं बघायचं आणि मग माणूस, झाड, बैल जे काय असंल ते. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीची टेक्निकं निम्मी आपोआप यायला लागतात.

पण एवढा मोठा खांब काढताना दिसत कसा नाही? तर आपल्या डोळ्याची गंमत अशी आहे की आपल्याला एका वेळी एकदम स्पष्ट फारच थोडं दिसतंय. हात सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडं बघा, साधारण त्या नखाएवढा किंवा त्याहून जरासा मोठा भागच काय तो धारदार दिसतो, बाकीचं सगळं कडेचं अंदाजपंचे असतंय. डोळा सारखा इकडून तिकडं उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून चित्र तयार करतो म्हणून आपल्याला वाटतं सगळंच स्पष्ट दिसायलंय. वर आपल्याला दोन डोळे, त्यामुळं नवरदेव जवळ आणि खांब वीस फूट लांब हे कळतं, मेंदू खांबाला बाजूला टाकतो. कॅमेऱ्याला असलं काही बाजूला टाकता येत नाही. तो एका डोळ्यानं बघतो आणि जवळचं लांबचं सगळं एकाच सपाट कागदावर आणून चिकटवतो, मग खांब सरळ फेट्यात. मोबाईलमध्ये हे जास्तच होतं कारण त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, बारीक, त्यामुळं समोरचं आणि मागचं दोन्ही जवळपास सारखंच शार्प येतं. मोठ्या कॅमेऱ्यात मोठी लेन्स उघडून मागचं धूसर करता येतं, मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये ते धूसर करणं हिशोब करून वरून लावलेलं असतंय, म्हणून केसांच्या कडा आणि चष्म्याच्या काड्या अर्ध्या गायब होतात. तेव्हा मोबाईलवाल्याला जागा बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

एक साधं उदाहरण घेऊ. आजी ओसरीवर बसलीय, मांडीवर सूप आहे, तूर पाखडतेय. तोंडावर समोरून उजेड आहे, हात चाललेत, फोटो भारी होणार असं वाटून आपण अंगणातनं सरळ समोरून काढतो. आता त्या फोटोत आजीच्या मागं काय काय आहे ते मोजा, निळा प्लॅस्टिकचा ड्रम, भिंतीला टेकवलेली मोटारसायकल, बोर्डाला लटकणारी चार्जरची वायर, किराणा दुकानाचं लाल कॅलेंडर. बघणाऱ्याचा डोळा आधी जातो त्या कॅलेंडरवर, मग ड्रमवर, आजीवर सगळ्यात शेवटी. डोळा कशाकडं ओढला जातो हे ठरलेलं असतंय, चेहरा, अक्षरं, भडक रंग, जिथं उजेड-अंधार एकदम भिडतात ती जागा आणि चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका. कॅलेंडरवर तर लाल रंगपण आहे, अक्षरंपण आहेत आणि देवाचा चेहरापण आहे, त्याच्यापुढं आजीचा काय निभाव लागणार.

आता आजीला हलवायचं नाही, आपण हलायचं. डावीकडं दोन पावलं गेलं की आजीच्या मागं माजघराचा उघडा दरवाजा येतो, आत अंधार आहे. बस, मागचं सगळं गेलं. काळ्या चौकोनावर आजीचे पांढरे केस, सुपातनं उडणारा कोंडा, कपाळावरचं गोंदण, सगळं सुटं दिसायला लागतं. उडणारा कोंडा तर आधीच्या फोटोत होता तरी दिसत नव्हता कारण त्याच्या मागं भिंत पण त्याच्याच रंगाची होती. उजळ वस्तूच्या मागं अंधार आणि काळ्या वस्तूच्या मागं उजेड, एवढं सांभाळलं तरी फोटो उठून दिसतो. फक्त एक काळजी, चौकटीत अंधार जास्त आला की मोबाईलला वाटतं फोटो काळा पडायलाय, तो आपल्या मनानं उजेड वाढवतो आणि आजीचे केस चुन्यासारखे पांढरेफटक होतात. तर आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की ते सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी जी काय येते ती थोडी खाली ओढायची. जवळपास सगळ्या मोबाईलमध्ये ही सोय आहे, लोक वापरत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. चेहऱ्याचा फोटो काढायचा तर लोक मोबाईल घेऊन तोंडाजवळ जातात. नेहमीची लेन्स बरीच वाइड, म्हणजे रुंद भाग पकडणारी असते, मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत 24 ते 28 एमएमच्या आसपास, तर हातभर अंतरावरून काढलं की नाक मोठं आणि कान मागं गेलेले. ही चूक लेन्सची वाटते पण ती अंतराची असते, नाक कानापेक्षा आपल्याला लईच जवळ आहे म्हणून ते मोठं दिसतंय. एक पाऊल मागं या आणि 2एक्स झूम करून काढा, चेहरा तेवढाच येईल पण नाक जागेवर. आणि आपल्या विषयाचा फायदा असा की असं केलं की माणसाच्या मागचा फारच थोडा भाग चौकटीत येतो, म्हणजे ड्रम आणि मोटारसायकल दोन्ही बाहेर. 0.5 वाली अल्ट्रावाइड मात्र माणसांच्या ग्रुपला वापरू नका बाबांनो, कडेला उभी असलेली आत्या ताणून दुप्पट रुंद होते आणि मग ती वर्षभर बोलत नाही.

डावं-उजवं आणि मागं-पुढं झालं, राहिलं वर-खाली, हे तर लोक करतच नाहीत, सगळे फोटो उभं राहून छातीच्या उंचीवरून. पोळ्याचं घ्या. बैल सजवलेत, शिंगाला बेगड, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, आणि मागं गर्दी, तंबू, डीजेचा ट्रॅक्टर. उभं राहून काढला तर बैलाची शिंगं गर्दीतल्या लोकांच्या डोक्यात मिसळून जातात, बैल कुठं संपला आणि माणूस कुठं सुरू झाला पत्ता लागत नाही. गुडघ्यावर बसा, मोबाईल अजून खाली न्या, आता शिंगांच्या मागं नुसतं आभाळ. आपल्या मराठवाड्याला डोंगर कमी, सपाट रान आणि मोठं आभाळ, ह्याची आपल्याला खंत असते पण फोटोवाल्यासाठी ती फुकटातली कोरी भिंत आहे. फक्त बैलाच्या अगदी पुढ्यात बसू नका, बाजूनं बसा, मालकाला सांगून बसा. आणि उलटं म्हणजे वरून खाली काढलं की मागं जमीन येते, खळ्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, रांगोळी, पंगतीतलं ताट ह्याला माळवदावरून किंवा खुर्चीवर चढून काढलेला फोटो एकदम स्वच्छ येतो.

आता त्या फेमस रूल ऑफ थर्ड्सकडं येऊ. सेटिंगमध्ये ग्रिड चालू केलं की दोन उभ्या दोन आडव्या रेषा येतात आणि सांगतात की विषय त्या रेषांवर किंवा जिथं त्या कापतात तिथं ठेवा. ह्या नियमाचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते 1797 साली, जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या लिखाणात, म्हणजे फोटोचा शोध लागायच्या आधी. त्याचा मुद्दा होता निसर्गचित्रात जमीन आणि आभाळ, उजेड आणि अंधार ह्यांची अर्धी-अर्धी वाटणी करू नका, एकाला दोन हिस्से द्या एकाला एक. मला तो मूळ मुद्दा आजच्या ठिपक्यावर-ठेवा नियमापेक्षा जास्त कामाचा वाटतो. फोटो काढताना ठरवा की आज आभाळ महत्त्वाचंय की रान. जूनमध्ये काळं आभाळ भरून आलंय तर त्याला दोन हिस्से द्या आणि खाली नांगरलेल्या रानाची एक पट्टी पुरे. डिसेंबरात ज्वारी निसवलीय आणि वरती नुसतं पांढरट आभाळ, तर आभाळाला एवढी जागा कशाला द्यायची. ग्रिडचा खरा उपयोग मी तर क्षितिज सरळ ठेवायलाच जास्त करतो. आणि माणूस डावीकडं बघत असला तर डावीकडं जागा सोडा, चालत असला तर पुढं जागा सोडा, नाहीतर तो चौकटीला धडकल्यासारखा दिसतो. तेवढं थर्ड्स पुष्कळ झालं.

रेषांचं प्रकरण मात्र खरंच मजेचं आहे. लातूरची गंजगोलाई बघितली असेल, मध्ये गोल इमारत आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. त्यातल्या कुठल्याही रस्त्यावर मध्याच्या जरा बाजूला उभं राहून गोलाईकडं तोंड केलं की दुकानांच्या पाट्या, पत्र्याच्या कडा, वायरी, रस्त्याची कड सगळ्या रेषा एकाच ठिकाणी पळत जातात आणि त्यांच्यामागं आपला डोळापण पळतो. लीडिंग लाइन्स म्हणजे हेच. लोक रेषा शोधतात पण रेषेच्या शेवटी काहीच ठेवत नाहीत, मग डोळा तिथपर्यंत जातो आणि रिकामा परत येतो. रेषा जिथं संपतात ती जागा आधी हेरायची आणि तिथं कोण येतंय ह्याची वाट बघायची.

वाट बघणं हा भाग मोंढ्यात शिकावा. सोयाबीनच्या सीझनला कुठल्याही तालुक्याच्या मोंढ्यात जा, आडतीच्या दुकानासमोर पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, दोन थप्प्यांमध्ये बोळ तयार होतो, पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्या बोळात पडलेली असते आणि धुळीमुळं ती तिरीप चक्क दिसते. नवखा माणूस हमालाच्या मागं पळत फोटो काढतो, हमाल पुढं, हा मागं, सगळे फोटो हललेले आणि मागं टेम्पो, पान टपरी, कोण कोण. त्यापेक्षा त्या बोळाच्या तोंडाशी उभं राहा, चौकट पक्की करा, कडा तपासा, तिरिपीवर बोट दाबून उजेड लॉक करा आणि गप उभं राहा. हमाल दिवसभर त्याच बोळातनं जाणार आहेत, कुठं जातात. पोतं पाठीवर घेतलेला माणूस तिरिपीत आला, पाय उचललेला आहे, दाबा. नाही जमलं तर दोन मिनिटात दुसरा येतोय. फ्रान्सचा फोटोग्राफर ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ ह्याच्या फार प्रसिद्ध फोटोंपैकी एक 1932 सालचा आहे, येअर नावाच्या गावातला, वरून दिसणारा वळणावळणाचा जिना, लोखंडी कठडा, खाली रस्ता आणि त्यातनं सर्रकन जाणारा एक सायकलवाला. जिना तिथंच होता, कठडा तिथंच होता, रस्ता तिथंच होता, हलणारी गोष्ट एकच. मोंढ्यातला बोळ त्याच हिशोबानं बघायचा.

आता जरा देखण्या जागांकडं, कारण पाहुणे आले की आपण त्यांना तिथंच नेतो. संभाजीनगरचा बीबी का मकबरा म्हणजे सिमेट्रीची शाळा आहे, मधोमध पाण्याची लांब पट्टी, दोन्ही बाजूला सारखे रस्ते, चार मिनार. इथं थर्ड्स-बिर्ड्स विसरा आणि बरोब्बर मध्ये उभे राहा, आणि मध्ये म्हणजे खरंच मध्ये. तपासायची सोपी युक्ती म्हणजे घुमट आणि मिनार ह्यांच्यामधली मोकळी जागा डावीकडं आणि उजवीकडं सारखी दिसते का ते बघा, अर्धं पाऊल सरकलं तरी फरक पडतो. मोबाईल वर तिरका केला की मिनार आतल्या बाजूला कलतात, म्हणून मोबाईल सरळ धरा आणि लागलं तर मागं या. मागं येत येत मुख्य दरवाजाच्या कमानीत आलात तर ती काळी कमानच चौकट होते, आभाळाचा रिकामा पांढरा भाग झाकला जातो आणि येणारे-जाणारे लोक काळ्या आकृत्या होऊन जातात. इमारतीचं तोंड दक्षिणेला असल्यामुळं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असताना तिच्यावर दिवसाचा बराच वेळ ऊन असतंय, डिसेंबर-जानेवारीत जा.

वेरूळला प्रॉब्लेम उलटा. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत केलेलं, साधारण 100 फूट उंच, पण फोटोत ते कुठल्याही दगडी देवळाएवढंच दिसतं कारण मागं-पुढं सगळाच दगड, मापाला काहीच नाही. तिथं मुद्दाम माणूस घ्या, पण जवळ उभा करून हसवू नका, अंगणातल्या दगडी हत्तीपाशी किंवा खांबाच्या पायथ्याशी लांब उभा राहू द्या, रंगीत शर्ट असला तर अजून बरं, एवढासा माणूस दिसला की उंची लगेच कळते. लेणं पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळं समोरच्या भागावर ऊन दुपारनंतर येतं, सकाळी नऊला जाऊन अंधारा फोटो आला म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यात फ्लॅश चालत नाही, तो मारूही नये.

जुन्या फोटोग्राफरांचा विषय निघाला की मला राजा दीनदयाळ आठवतात. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दीनदयाळ हे निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर, वेरूळ-दौलताबाद भागाचे त्या काळातले त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात. त्या काळचा काचेच्या प्लेटचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरची मोठी लाकडी पेटी, मागं घासलेली काच, आणि काळं कापड डोक्यावर घेऊन त्या काचेवर बघायचं, तर तिथं चित्र दिसायचं उलटं, पाय वर डोकं खाली. आपल्याला वाटेल केवढा त्रास. पण उलट्या चित्रात देऊळ देऊळ दिसत नाही आणि माणूस माणूस दिसत नाही, नुसते आकार दिसतात, काळे-पांढरे, जड-हलके, आणि मग कुठला कोपरा उगाच भरलाय ते चटकन कळतं. हे आपल्याला फुकट करता येतं. गॅलरीतला फोटो उघडा, ऑटो-रोटेट बंद करा आणि मोबाईल उलटा धरा. मागचा ड्रम लगेच डोळ्यात खुपेल. तसंच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, आजी आणि भिंत एकच राखाडी झाली तर समजा उठाव नव्हता, रंगांनी तेवढं झाकलं होतं. आणि गॅलरीत बारीक चौकोनात, नखाएवढा फोटो असताना त्यात काय आहे ते ओळखू येतं का तेही बघा.

सरावाला लांब जायची गरज नाही, उलट लांब गेल्यावर जागाच एवढी भारी असते की शिकणं होत नाही. एसटी स्टँडची रंग उडालेली भिंत, बंद शटर, शाळेचं कंपाउंड, असलं एखादं मागचं पकडा आणि आठवडाभर तिथंच काढा, वेगळ्या वेळेला. बटण दाबायच्या आधी एकच सवय लावा, चारही कडांवरून नजर फिरवायची, वरची, उजवी, खालची, डावी. अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातनं घुसलेलं मोटारसायकलचं हँडल, आपलीच सावली, सगळा कचरा कडांनाच असतो. सुरुवातीला वेळ लागतो, नंतर एका श्वासात होतं. उन्हाळ्यात अकरा ते चार फोटोच्या भानगडीत पडू नका, डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि तसंही एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर तापमानात कोण हौसेनं उभं राहणार. काढायचाच असेल तर कडुनिंबाच्या दाट सावलीत किंवा ओसरीच्या कडेला, जिथं माणूस सावलीत आहे पण तोंड उजेडाकडं आहे.

इथं एक गडबड होऊ शकते, की हे वाचून कोणी सगळ्यांनाच काळ्या दरवाजासमोर बसवायला लागेल. मागचं साफ करा असं मी म्हणत नाही, मागचं ठरवून घ्या असं म्हणतोय. चहाच्या हॉटेलवाल्याचा फोटो काढायचा तर त्याच्या मागची दरपत्रकाची पाटी, फरसाणाच्या बरण्या, हार घातलेला वडिलांचा फोटो हेच तर त्याचं सगळं आहे, ते काढून टाकलं तर राहिला नुसता एक मिशीवाला माणूस. फक्त पाटी त्याच्या डोक्यातनं निघायला नको आणि वडिलांचा फोटो त्याच्या खांद्यामागं अर्धा झाकायला नको, दोघांमध्ये बोटभर मोकळी जागा सुटेल असं सरका. आणि लग्नात, मिरवणुकीत, लेकरू पहिलं पाऊल टाकताना हे काहीच सुचत नाही, सुचूही नये, तिथं धडाधड काढा आणि नंतर क्रॉप करा, त्यासाठी चौकटीचं माप 4:3 ठेवूनच काढा, बहुतेक मोबाईलमध्ये 16:9 केलं की आडव्या फोटोत वरचं-खालचं आणि उभ्या फोटोत डावं-उजवं आधीच कापून जातं आणि मग नंतर कापायला काही उरत नाही.

माणसाचा फोटो विचारून काढा. मोंढ्यात "मामा, फोटो काढू का?" म्हटलं की बहुतेक जण "काढ की, पेपरात देणार का?" असंच विचारतात, हसतात, दोन मिनिटं अवघडून उभे राहतात आणि मग परत कामाला लागतात, खरा फोटो त्याच्यानंतर. नाही म्हटले तर नाही. देवळाच्या गाभाऱ्यात, नदीवर आंघोळीच्या वेळी बायकांचे, दवाखान्यात, असले काढूच नयेत. आणि काढलेला फोटो त्या माणसाला पाठवा, व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी करून नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की दाबून पाठवला जातो आणि त्याला तो फ्रेम करून घरात लावायचा असला तर स्टुडिओवाला म्हणतो हा फाटतोय, ओरिजिनल आणा.